झपतालात मोबाइल नंबर: केमोनंतर निसटणाऱ्या लक्षासाठी घरचा ताल-अभ्यास

ओटीपीचे सहा आकडे मेसेजमध्ये बघायचे, परत मागच्या स्क्रीनवर यायचं आणि टाइप करायचे. केमोथेरपी झालेल्या अनेकांना हे एका दमात जमत नाही. तीन आकडे टाकले की उरलेले तीन गायब. कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसलं तर आत्ता झाली ती दुसरी की तिसरी, हे आठवत नाही. बोलण्यात ‘ते आपलं हे’ फार येतं. वस्तू डोळ्यांसमोर असते, नाव सापडत नाही. रुग्ण आपसांत याला ‘केमो ब्रेन’ म्हणतात. नाव केमोचं असलं तरी सगळा दोष तिचा नसतो. हार्मोनच्या गोळ्या, डोक्याला दिलेलं रेडिएशन, स्टेरॉइड, अकाली आलेली रजोनिवृत्ती, झोपमोड, थकवा, चिंता, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. बुद्धी कुठे गेलेली नसते. वेग मंदावलेला असतो आणि पकड ढिली झालेली असते. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, काहींचं वर्षानुवर्षं रेंगाळतं.

हा अभ्यास त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासोबत रोज वीस-पंचवीस मिनिटं बसायला तयार असलेल्या घरच्या एका माणसासाठी आहे. गाता येण्याची अट नाही. टाळी वाजवता आली तरी पुरे, आणि तीही दुखत असेल तर त्यावर उपाय आहे.

गाणी लावून ठेवणं वेगळं, अभ्यास वेगळा

मागे रेडिओ चालू ठेवला की मन रमतं, दुखणं थोडं विसरतं. ते चांगलंच आहे. कॅन्सरच्या रुग्णांवर झालेल्या संगीताच्या ८१ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेकडून २०२१ साली आला. चिंता, नैराश्य, वेदना, थकवा यांवर संगीताचा उपयोग होत असल्याच्या खुणा त्यात आहेत. लक्ष आणि स्मृतीबद्दलचा पुरावा मात्र त्यामानाने पातळ आहे, आणि बराचसा आधार पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या कामातून घेतलेला आहे. हेलसिंकीतला २००८ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. पक्षाघातानंतर दोन महिने रोज किमान तासभर आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मृती आणि एकाग्रता, ऑडिओबुक ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली होती. म्हणजे नुसतं ऐकणंही वाया जात नाही. पण ओटीपी निसटतोय ही तक्रार असेल तर त्या पकडीलाच व्यायाम द्यावा लागतो. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी बांधलेल्या न्यूरॉलॉजिक म्युझिक थेरपीत म्हणूनच लक्षासाठी, स्मृतीसाठी आणि नियोजनासाठी वेगवेगळी तंत्रं आहेत. इथे तीच तत्त्वं आपल्या ठेक्यांवर बसवली आहेत.

ठेकेच का? ताल पुढचा ठोका कधी येणार ते आधीच सांगून ठेवतो, त्यामुळे लक्षाला धरायला काहीतरी मिळतं. आणि दुसरं, जे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं: वाचताना लक्ष भरकटलं तर ते पान उलटल्यावर कळतं, तालात भरकटलं तर सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, चुकते आणि त्याच क्षणी कळतं. चूक लगेच दिसणं हा लक्षाच्या व्यायामातला अर्धा भाग आहे.

सुरू करण्याआधी

आधी डॉक्टर. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ यांपैकी काहीही बिघडलेलं असेल तर डोकं जड राहतं आणि तालाने ते हलत नाही. चालू असलेल्या गोळ्यांची यादी दाखवा. हातापायांच्या मुंग्यांसाठी दिलेल्या गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिननेही गुंगी येते. डोस किंवा वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांनाच विचारा, गोळी आपल्या मनाने थांबवू नका. घोरणं, रात्री घामाने जाग येणं हेही सांगा. आणि गोंधळ अचानक वाढला, नव्याने डोकेदुखी-उलट्या सुरू झाल्या, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, बोबडी वळली किंवा फिट आली तर अभ्यासाचा विचारच नको, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मग उपचारांनी शरीरावर काय ठेवलंय ते बघा, कारण त्यावर अभ्यासाचं रूप ठरतं.

सिसप्लॅटिन हे केमोचं औषध घेतलेल्यांची वरच्या पट्टीची ऐकण्याची ताकद कमी झालेली असू शकते, कानात सतत शिट्टीही वाजते. अशांना झांजेचा टणत्कार एक तर ऐकू येत नाही किंवा नको इतका टोचतो. त्यांच्यासाठी डग्ग्याचा, मृदंगाचा, टेबलावर मुठीचा खालचा आवाज वापरा आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, काढून घ्या. इयरफोन कुणालाच नकोत. खोलीतला साधा स्पीकर, आणि त्यावरून सहज बोलता येईल इतकाच आवाज.

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन यांनी बोटं बधिर झाली असतील तर तबल्याची बोटं शिकायचा हट्ट नको. मांडीवर पूर्ण तळहात टेकवा. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येत असेल तर त्या हाताने जोरात टाळ्या किंवा हार्मोनियमचा भाता नको. तो हात मांडीवर पडून राहू दे, दुसऱ्याने वाजवा.

तोंडाच्या कॅन्सरनंतर जबडा कमी उघडतो, रेडिएशनने तोंड कोरडं पडतं. तिथे गाण्याऐवजी गुणगुणणं, आणि प्रत्येक पाच मिनिटांनी घोटभर पाणी. स्वरयंत्र काढलेल्यांना खालचा जवळजवळ सगळा अभ्यास हाताने आणि बोटं दाखवून करता येतो.

आणखी एक गोष्ट, जी हमखास विसरली जाते. केमोच्या खुर्चीत बसून जी गाणी ऐकली, ती या अभ्यासात नकोत. दवाखान्याचा वास आला की काहींना मळमळतं, तसंच त्या गाण्यांनीही होऊ शकतं. घरचे कौतुकाने नेमकं तेच लावतात आणि मग ‘हिला संगीत नकोसं झालंय’ असा निष्कर्ष काढतात.

सामान आणि सुरुवातीची मोजणी

तबला-तानपुऱ्याचं कोणतंही साधं ॲप, एक वही, पेन, घड्याळ. ॲपमध्ये गती आकड्यांत दिसायला हवी, म्हणजे मिनिटाला किती मात्रा (ठोके) ते. ब्लूटूथ स्पीकर वापरत असाल तर स्क्रीनवर लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघू नका. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागून येतो, दिवा आणि ठोका जुळत नाहीत, आणि ‘मला तालच कळत नाही’ असा समज होतो. मोबाइल पालथा घाला.

पहिल्या दिवशी अभ्यास करायचा नाही, नुसतं मोजायचं. ॲप बंद ठेवून, स्वतःला सोयीच्या वेगाने ३० सेकंद मांडीवर थाप मारायला सांगा, थापा मोजा आणि दुप्पट करा. ३५ थापा आल्या तर त्यांची आपली लय मिनिटाला ७०. सुरुवात याच आकड्याच्या आसपास करा. फार हळू म्हणजे सोपं, असं इथे नसतं. चाळिशीच्या खाली दोन मात्रांमध्ये दीड सेकंदापेक्षा जास्त मोकळी जागा पडते आणि ती सांभाळणं निरोगी माणसालाही जड जातं. मदतनीस दयाबुद्धीने लय खाली आणतात आणि चुका वाढतात.

मग रोजच्या तीन अडचणी निवडून वहीत आकड्यांत लिहा. ‘विसरायला होतं’ हे चालणार नाही. ‘दहा वस्तूंची यादी ऐकून वीस मिनिटांनी चार आठवल्या’, ‘पेपरातली एक बातमी समजायला तीनदा वाचावी लागली’, ‘आठवड्यात दोनदा गॅस बंद केला का ते बघायला परत घरात गेलो’, असं हवं. दर दोन आठवड्यांनी हेच पुन्हा मोजायचं, वस्तूंची यादी दर वेळी नवी. तालात तुम्ही किती पुढे गेलात यापेक्षा हे तीन आकडे हलले का, तेच खरं.

ताली, खाली आणि सम

पहिले दोन आठवडे फक्त दोन ठेके पुरतात.

दादरा, ६ मात्रा: धा धी ना | धा ती ना. पहिल्या मात्रेवर टाळी, चौथ्या मात्रेवर खाली, म्हणजे हात उघडा, आवाज नाही.

तीनताल, १६ मात्रा: धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा. टाळी १, ५ आणि १३ वर, खाली ९ वर.

ॲपवर तीनताल आपल्या लयीत लावा, समजा ६०. एक आवर्तन, म्हणजे सोळा मात्रांचा एक फेरा, १६ सेकंदांचं होतं. मदतनीसाने समोर बसायचं, पण टाळी द्यायची नाही. वहीत फक्त चुकांच्या रेघा मारायच्या. पहिल्या दिवशी चार आवर्तनं, म्हणजे जेमतेम एक मिनिट. जमत गेलं तर दहा, म्हणजे दोन मिनिटं चाळीस सेकंद. वाचायला किरकोळ वाटतं. पण थकलेल्या डोक्याला सहाव्या-सातव्या आवर्तनात लक्ष सुटताना दिसेल, आणि बहुधा ते नवव्या मात्रेवर सुटतं: खालीवर हात उघडायचा सोडून टाळी पडते. सवयीने होणारी हालचाल वेळेवर रोखणं हा या व्यायामाचा गाभा आहे. म्हणून खालीवरची चूक वहीत वेगळ्या खुणेने नोंदवा. सम हुकणं म्हणजे लक्ष भटकलं. खालीवर टाळी पडणं म्हणजे लगाम सुटला. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

सम हुकत असेल तर आवर्तनं कमी करा आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा. खाली चुकत असेल तर आवर्तनं तेवढीच ठेवून, मदतनीसाने मुद्दाम नवव्या मात्रेवर स्वतः टाळी वाजवावी आणि समोरच्याने ती ऐकूनही हात उघडाच ठेवावा. हसू येतं, चिडही येते, पण आठवडाभरात हात ऐकायला लागतो. यापुढची पायरी रूपक: ती ती ना | धी ना | धी ना, ७ मात्रा. यात समेवरच खाली असते, म्हणजे जिथे टाळी द्यायची ओढ सगळ्यात जास्त, तिथेच हात उघडायचा. तिसऱ्या आठवड्याआधी याच्या वाटेला जाऊ नका.

आवाजातून आवाज निवडायचा असेल तर: मदतनीसाने वाटीवर चमचा आणि टेबलावर बोट, असे दोन आवाज मिसळून वाजवायचे, टाळी फक्त वाटीला. पाच मिनिटं जमलं की मागे बातम्या लावा, आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात. वरचे आवाज न ऐकू येणाऱ्यांसाठी वाटीऐवजी पाण्याची रिकामी बाटली.

एका कामातून दुसऱ्यात जाताना गाडी अडकते अशी तक्रार असेल तर दादरा आणि केरवा आलटून पालटून. केरवा ८ मात्रांचा: धा गे न ती | न क धी न, टाळी १ वर, खाली ५ वर. ॲप ठेक्यावरून काढून नुसत्या टिक-टिकीवर ठेवा. मदतनीसाने मध्येच ‘बदल’ म्हणायचं. चालू आवर्तन पूर्ण करून पुढच्या समेपासून दुसरा ठेका. सुरुवातीला ‘आई, बदल’ म्हटल्यावर आई केरव्याच्या पाचव्या मात्रेऐवजी चौथ्यावरच हात उघडेल, कारण डोक्यात अजून दादराच फिरत असतो. रोज दहा बदल, आणि बदलानंतरचं पहिलं आवर्तन किती वेळा निर्दोष गेलं तेवढंच मोजायचं.

आकडे धरून ठेवण्यासाठी

लक्ष टिकायला लागलं की स्मृती. आधी सरगम, पण गायची नाही, नुसती बोलायची. मदतनीस ठोक्यावर म्हणतो: सा ग रे. समोरचा पुढच्या तीन ठोक्यांवर तसंच परत म्हणतो. पाचपैकी चार वेळा बरोबर आलं की चार स्वर. चार स्वर पक्के झाले की परत तीनावर यायचं आणि उलट म्हणायचं: सा ग रे ऐकून रे ग सा. उलट म्हणताना स्वर डोक्यात धरावेही लागतात आणि फिरवावेही लागतात. ओटीपी टाइप करताना जी पकड कमी पडते ती हीच. गाणं शिकलेल्यांना सा रे ग म असा सरळ क्रम देऊ नका, त्यांचे ते पलटे तोंडात बसलेले असतात. वेडावाकडा क्रम द्या: ग नी रे प.

आता गंमत आकड्यांची. आपले ताल आधीच गटांत तोडलेले असतात, आणि लांब आकडा लक्षात ठेवायचा तर तो गटांत तोडावाच लागतो. मोबाइल नंबर १० आकडी, झपताल १० मात्रांचा, विभाग दोन-तीन-दोन-तीन: धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना. टाळी १, ३ आणि ८ वर, खाली ६ वर. म्हणजे एक नंबर बरोबर एका आवर्तनात मावतो. आपल्या मुलीचा नंबर घ्या. पहिले दोन आकडे म्हणत टाळी, पुढचे तीन म्हणत टाळी, मग दोन खालीवर, मग तीन. ७० च्या लयीत चार वेळा मोठ्याने, चार वेळा कुजबुजत, चार वेळा ओठ मिटून फक्त हाताने. शेवटी हातही थांबवा आणि नंबर कागदावर लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासाच्या सुरुवातीला काही न म्हणता परत लिहायचा. सुटलाच तर बहुतेक वेळा एक विभाग सुटतो, अख्खा नंबर नाही. मग तेवढाच विभाग घोटायचा.

ओटीपी आणि पिनकोड सहा आकडी, म्हणजे दादरा. ४ ७ १ | ९ ० ६. मेसेज बघताना मनात एक आवर्तन, स्क्रीन बदलताना दुसरं, टाइप करताना तिसरं. आधार क्रमांक चार-चार-चार असा छापलेला असतो. तीनतालाचे पहिले तीन विभाग आकड्यांचे, चौथा गप्प. चौथा विभाग गप्प ठेवणं सोडू नका, ती दम घ्यायची जागा आहे. एटीएमचा पिन तीनतालाच्या एका विभागात बसतो, पण तो मशीनसमोर गुणगुणू नका.

सुटा नंबर तालात बसतो, यादीला चाल लागते. औषधांच्या वेळा, दवाखान्यात न्यायच्या वस्तू, हे पाठ असलेल्या ओवीच्या किंवा आरतीच्या चालीवर स्वतः जुळवा. शब्द साधे ठेवा, यमक जुळलं तर उत्तम:

चहाच्या आधी थायरॉइड एक,
नाश्त्यानंतर पांढरी देख,
रात्री जेवून लाल ती घे,
पाणी भरून उशाशी ने.

चाल आधीपासून पक्की हवी. नवी चाल आणि नवे शब्द एकदम शिकायला लावलं की दोन्ही जातात. एका चालीवर एकच यादी. त्याच चालीवर वाणसामान बसवलंत तर रात्रीच्या गोळीच्या जागी तूरडाळ येते. आणि गोळी बदलली की ओळही लगेच बदला. गोळ्यांचा डबा आणि गजर मात्र चालूच ठेवायचे, गाणं त्यांच्या जागी नाही.

शब्द सापडण्यासाठी

गाण्याच्या भेंड्या ही आपल्याकडची तयार थेरपी आहे असं म्हणायचा मोह होतो. अक्षर मिळालं की डोक्यातला साठा चाळून योग्य ओळ काढायची, हे उत्तम काम आहे. पण घरच्या भेंड्यांमध्ये जो चटकन बोलतो तोच खेळतो, आणि ज्याला शब्द सापडत नाहीत तो हळूहळू टाळ्या वाजवणारा होऊन बसतो. म्हणून भेंड्या तालात लावा. ॲपवर ठेका चालू, प्रत्येक समेला एक शब्द: भाजी, गाव, पक्षी, किंवा ‘क’वरून काहीही. इथे ताल हे कमीजास्त करता येणारं घड्याळ बनतं. ६० च्या लयीत तीनताल १६ सेकंद देतो, झपताल १०, केरवा ८, दादरा ६. तीनतालापासून सुरू करून खाली या. सम रिकामी गेली तर कुणी शब्द पुरवायचा नाही. नुसतं पुढच्या समेची वाट बघायची. तोंडात शब्द घालणारा प्रेमळ नवरा हा या व्यायामातला मोठा अडथळा आहे.

दिवसाची मांडणी आणि अवघडपणाचं गणित

आठवड्याला पाच दिवस, सहा ते आठ आठवडे. वेळ ती निवडा जेव्हा डोकं सगळ्यात ताजं असतं. बहुतेकांचं सकाळी नाश्त्यानंतर. पहिली तीन मिनिटं तानपुरा लावून सावकाश श्वास आणि गुणगुण, मग आठ मिनिटं लक्षाचा एक व्यायाम, दोन मिनिटं पाणी, सात मिनिटं स्मृती किंवा शब्द, आणि शेवटची पाच मिनिटं रोजच्या कामाशी जोडणी. केमो अजून चालू असेल तर सलाईनच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस फक्त तानपुरा ऐका.

दहापैकी आठ वेळा बरोबर आलं तर एक पायरी वर, सहापेक्षा कमी आलं तर एक पायरी खाली. मधल्या पट्ट्यात असाल तर आहे तिथेच रहा. वर जाताना एका वेळी एकच गोष्ट बदला: लय, किंवा लांबी, किंवा मागचा गोंगाट. तिन्ही एकदम बदलून कोसळलं तर कशाने कोसळलं तेच कळत नाही. सारखं शंभर टक्के बरोबर येत असेल तर तो व्यायाम राहिला नाही, करमणूक झाली. करमणूक संध्याकाळी करा.

हात दुखायच्या आधी डोकं थकतं. जांभया, शेवटच्या तिसऱ्या भागात चुकांची रांग, ‘पुरे झालं’ची चिडचिड यांपैकी काही दिसलं की तिथेच थांबायचं. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त गळाठा आला तर वेळ निम्मी करा आणि आठवडाभर तशीच ठेवा. थकवा रेटून घालवता येत नाही.

कामाशी जोडणी, जी बहुतेक जण गाळतात

टाळ्या सुधारतात आणि गॅस तसाच चालू राहतो, हे सर्रास घडतं. तालात कमावलेलं आपोआप स्वयंपाकघरात जात नाही, न्यावं लागतं. घराबाहेर पडताना दादऱ्याचं एक आवर्तन: गॅस, दिवे, नळ | किल्ली, फोन, दार. प्रत्येक शब्दाला त्या वस्तूवर हात किंवा नजर गेलीच पाहिजे, नुसतं म्हणून चालत नाही. क्रम कधी बदलायचा नाही. पहिले दहा दिवस मदतनीसासोबत, खरोखर दारापर्यंत चालत जाऊन.

स्वयंपाकात चार पायऱ्यांचं काम तीनतालाच्या चार विभागांना जोडा. फोडणी: तेल, मोहरी, हिंग-हळद, भाजी. मध्ये फोन वाजला तर ‘खालीवर होते’ एवढंच लक्षात ठेवायचं. परत आल्यावर तिसऱ्या पायरीपासून पुढे. वाचताना मात्र शब्द असलेलं गाणं मागे नको. डोळ्यांतून येणारे शब्द आणि कानातून येणारे शब्द एकाच जागेसाठी भांडतात.

दोन कामं एकदम करण्याचा सराव बसूनच सुरू करा: केरव्याच्या टाळ्या देत महिने उलटे म्हणायचे, डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. पायांत मुंग्या असणाऱ्यांनी चालता-चालता हे करू नये, तोल जातो.

हमखास बिघडतं ते

मदतनीसाचा गुरुजी होतो. ‘अगं, सोपं तर आहे’ हे वाक्य या अभ्यासातून हद्दपार करा. चूक झाली की काही बोलायचं नाही, रेघ मारायची. रेघा कमी होताना त्यांना स्वतःलाच दिसतात.

तबला किंवा भजन मुरलेल्या माणसाचे ठेके झोपेतही चालतात, तेव्हा त्यांना तीनतालाचा काही उपयोग नाही. त्यांना तीनताल पाचव्या मात्रेपासून मोजायला लावा, किंवा बोल दादऱ्याचे आणि टाळ्या केरव्याच्या, अशी मोडतोड द्या. उलट, आयुष्यात ताल न धरलेल्या माणसाचा पहिला आठवडा निव्वळ ठेका कळण्यात जातो. त्या आठवड्याच्या चुका स्मृतीच्या खात्यात लिहू नका.

काहींना एखादं जुनं गाणं लागताच रडू येतं. अभ्यास थांबवा, पण गाणं फटकन बंद करू नका. संपू द्या, सोबत बसा. रोजच असं होत असेल, झोप-भूक गेली असेल तर समुपदेशकाकडे जायला हवं. उदासीनंही स्मृती अशीच ढिली पडते.

सहा आठवड्यांनंतर तालात प्रगती आहे पण वहीतले तीन आकडे जागचे हलले नाहीत, तर व्यायाम वाढवू नका. ऑन्कॉलॉजिस्टकडून (कॅन्सरच्या डॉक्टरांकडून) न्यूरोसायकॉलॉजिस्टला, म्हणजे स्मृती-लक्षाच्या चाचण्या घेणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवून रीतसर चाचणी करून घ्या. लहानपणी ल्युकेमियाचे (रक्ताच्या कॅन्सरचे) उपचार झालेल्यांनी तर आधी तिथेच जावं, त्यांच्या अडचणी शाळेच्या अभ्यासातही गुंतलेल्या असतात. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये बालपणी कॅन्सर झालेल्यांच्या उपचारानंतरच्या तपासणीसाठी ‘आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी’ क्लिनिक आहे.

थेरपिस्ट शोधत असाल तर एक ध्यानात घ्या: ‘म्युझिक थेरपिस्ट’ अशी पाटी लावायला आपल्याकडे डॉक्टरसारखी नोंदणी लागत नाही. प्रशिक्षण कुठे आणि किती तासांचं, रुग्णालयात कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, सुरुवातीला काय मोजणार आणि किती आठवड्यांनी परत मोजणार, हे विचारा. मोजणीबद्दल गोलमोल उत्तर आलं किंवा अमुक राग अमुक पेशींवर काम करतो असं ऐकू आलं, तर चहा घ्या आणि निघा.

आठ आठवड्यांनंतर रोजची वही बंद करायला हरकत नाही. आठवड्यातून दोन दिवस ठेवा, आणि जवळपास भजनी मंडळ असेल तर तिथे टाळ धरून बसा. जागा मृदंगाच्या बाजूला घ्या, म्हणजे सम अंगावर येते. सिसप्लॅटिन झालेल्यांनी झांजांच्या रांगेपासून लांब बसावं. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने उठायचं आहे, हे बुवांना आधीच सांगून ठेवा.